लेकीला डॉक्टर व्हायचे आहे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दरवर्षी सतरंज्या घालते आणि पोह्यांची कढई सांभाळते. यंदा अध्यक्षबाईंनी झारा काढून घेतला आणि माइक हातात दिला. मी सातवी शिकलेली बाई. भाषण म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी जे घडले ते सांगावे, त्याचा चार घरांना उपयोग होईल, असा त्यांचा आग्रह पडला. तेव्हा जे बोलेन ते घरचेच बोलणे समजून ऐकावे.

आपल्या तामलवाडीत आता घरटी एक तरी मुलगी अकरावी-बारावीला सायन्स घेते, आणि कोणी विचारले की "डॉक्टर होणार" म्हणते. ही आनंदाची गोष्ट आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांना सात समुद्र ओलांडावे लागले. आपल्या मुलींना एस.टी.ने एका बाजूला सोलापूर आहे, दुसऱ्या बाजूला तुळजापूरवरून धाराशिव. वाट जवळ आली हे खरे. पण वाटेवर गर्दी किती, आणि त्या गर्दीत आपली लेक कुठे उभी आहे, हे आपण आया पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. त्याचीच ही हकिकत.

आधी माझे स्वतःचे थोडे सांगते. माझे माहेर लोहाऱ्याकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून गाव झोपले होते. आमच्या घराची एक भिंत चुलतीवर पडली. पुढे तंबूतल्या दवाखान्यात तिच्या पायाची मलमपट्टी करायला एक डॉक्टरीणबाई होत्या. मी पाण्याची बादली धरून त्यांच्याशेजारी उभी राहायची. त्यांनी मला विचारले, "काय ग, शिकतेस ना?" मी मान हलवली. पण सातवीची परीक्षा झाल्यावर शाळा सुटली ती सुटलीच. घर उभे करायचे होते, हायस्कूल लांब होते, आणि मुलीला एकटीला पाठवायचे कोणाला धैर्य नव्हते. त्या बाईंचे नाव मला आठवत नाही. पण माझ्या थोरलीने आठवीत "मला डॉक्टर व्हायचंय" म्हटले तेव्हा मला तो तंबू आठवला. सांगायचे तात्पर्य, लेकीची इच्छा तिची होती तशी ती थोडी माझीही होती. आईची इच्छा अशी मिसळली की हिशेब चुकतो. हे मी अनुभवाने सांगते.

पहिल्या वर्षी काय झाले ते ऐका. थोरलीने मे २०२४ मध्ये नीटची परीक्षा दिली. ७२० पैकी ५२१ गुण पडले. आमच्या घराण्यात एवढे गुण कोणी पाहिलेले नव्हते. शिवाय आदल्या वर्षी नात्यातल्या एका मुलाला याच्याहून कमी गुणांवर सरकारी कॉलेज मिळाले होते. मग काय विचारता! घरच्यांनी दोन किलो पेढे आणले, मी गल्लीभर वाटले. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते खाल्ले आहेत. थोरली मात्र पेढा हातात धरून बसली होती. ती म्हणाली, "आई, थांब ना जरा. क्रमांक बघ." मी म्हटले, "शुभ बोल."

क्रमांक होता पावणेदोन लाखांच्या पलीकडचा. आदल्या वर्षी तेवढ्याच गुणांना याच्या निम्म्याहूनही पुढचा क्रमांक मिळाला असता. २०२४ साली गुणांचा पूर आला होता. पहिल्या निकालात ६७ मुलांना पैकीच्या पैकी गुण पडले. पेपरफुटीचा गवगवा झाला, वाढीव गुणांचा वाद झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, आणि जुलैत सुधारित निकाल लागला त्यात पैकीच्या पैकी गुणांचे १७ जण उरले. पण आमच्या मुलीपुढची रांग काही लहान झाली नाही. सरकारी तर नाहीच, खासगी एम.बी.बी.एस.लाही नाव लागले नाही. आणि ज्या मुलाशी आम्ही तुलना केली होती त्याचा प्रवर्ग वेगळा, त्याची यादी वेगळी, त्याचे वर्ष वेगळे. त्याच्या मापाने आमचे धान्य मोजून आम्ही पेढे वाटून बसलो होतो. त्यात त्या बिचाऱ्या मुलाचा काही दोष नाही, आणि आमच्या मुलीचाही नाही. दोष आमच्या अडाणी अंदाजाचा.

चार दिवस ती ताटावरून उठून जायची. रात्री मी तिच्याशेजारी अंथरूण घातले. तिने एवढेच विचारले, "आता पेढे परत मागायचे का?" भगिनींनो, त्या प्रश्नाने मला जे शिकवले ते सातवीपर्यंतच्या कुठल्याही पुस्तकाने शिकवले नाही. मी ठरवले की आता हा हिशेब आपण समजून घ्यायचा. शाळेतल्या एका गुरुजींनी दोन रविवार खर्ची घालून मला तो समजावला. तोच मी माझ्या भाषेत सांगते.

मे महिन्यात गावात पाण्याचा टँकर येतो तेव्हा आपण काय पाहतो? आपली घागर किती मोठी हे पाहत नाही. आपली घागर कितवी आहे आणि टँकरमध्ये पाणी किती आहे हे पाहतो. नीटचेही तसेच आहे. गुण म्हणजे घागरीचा आकार, आणि क्रमांक म्हणजे रांगेतली जागा. पाणी मिळते ते जागेवर. २०२४ साली पेपर अनेकांना सोपा गेला म्हणून सगळ्यांच्या घागरी मोठ्या झाल्या. २०२५ साली पेपर फार अवघड निघाला. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ७२० पैकी ६८६ गुण होते. म्हणजे एका वर्षीच्या गुणांवरून दुसऱ्या वर्षीचा अंदाज बांधणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसावर यंदाची पेरणी करणे.

आता टँकरमध्ये पाणी किती ते पाहू. २०२५ साली सुमारे २२ लाख मुले परीक्षेला बसली. त्यातली सव्वाबारा लाखांहून अधिक पात्र ठरली. आणि साऱ्या देशात एम.बी.बी.एस.च्या जागा आहेत लाख-सव्वालाखाच्या घरात. त्यातही निम्म्याच्या आसपास सरकारी. म्हणजे "पास" झालेल्या दहा मुलांत एकाला जागा, आणि वीस मुलांत एकाला सरकारी जागा. म्हणून "नीट पास झाली" या वाक्याला फारसा अर्थ नाही. २०२५ साली खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी १४४ गुण लागत होते, आणि ओबीसी व इतर राखीव प्रवर्गांना ११३. त्या गुणांवर रांगेत उभे राहायची परवानगी मिळते, पाणी नाही. हे शेजारणीला सांगताना तिचा उत्साह मोडू नका, पण सांगा जरूर.

पुढे रांगाही एक नसते. सरकारी कॉलेजातल्या शंभर जागांपैकी १५ देशपातळीवरच्या रांगेतून भरतात आणि ८५ आपल्या राज्याच्या. आपल्या धाराशिवच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे उदाहरण घ्या. तिथे २०२२ साली १०० मुलांची पहिली तुकडी सुरू झाली. राज्याच्या ८५ जागांतून ओबीसीचा १९ टक्के वाटा काढला की सोळा-सतरा जागा राहतात. त्यातल्या तीस टक्के मुलींसाठी राखीव, म्हणजे पाचेक. हा ढोबळ हिशेब आहे, पण पाहा, शंभराचे पाच कसे झाले! घाबरून जाऊ नका, कारण गुणवत्तेने क्रमांक पुढे असेल तर आपली मुलगी खुल्या जागेवरही बसते आणि प्रवर्गाच्या सर्वसाधारण जागेवरही बसते. आणि कॉलेज काही एकच नाही. सोलापूरचे डॉ. वैशंपायन यांच्या नावाचे कॉलेज १९६३ पासूनचे आहे. मराठवाड्यात संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर ही जुनी, २०२३ मध्ये परभणी, २०२४ मध्ये जालना आणि हिंगोली आली. पूर्वी राज्यात ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, अशी पद्धत होती. मराठवाड्यात कॉलेजे थोडी, म्हणून आपल्या मुलांच्या वाट्याला जागाही थोड्या येत. ती पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. आता आपल्या मुली मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंत सगळ्या सरकारी जागांच्या रांगेत बरोबरीने उभ्या आहेत, आणि तिकडच्या मुलीही आपल्या धाराशिवच्या रांगेत आहेत. हे दोन्ही ध्यानात ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. अंदाज कसा बांधावा?

पहिले काम परीक्षेच्या आधीचे. पेपरात १८० प्रश्न असतात. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा, कोरे सोडले तर शून्य. माझ्या मुलीचा एक सरावाचा पेपर सांगते. १३० बरोबर, ४० चूक, १० कोरे. १३० चोक ५२०, वजा ४०, हाती ४८०. मी विचारले, "हे ४० कुठून आले?" ती म्हणाली, "अंदाजाने ठोकले." चार ठिकाणी डोळे मिटून ठोकले तर साधारण एक बरोबर येतो आणि तीन चुकतात. म्हणजे चार वजा तीन, हाती एक. चार प्रश्नांच्या मेहनतीला एक गुण! पण चारांतले दोन पर्याय खात्रीने चूक आहेत असे कळले असेल तर उरलेल्या दोहोंत अंदाज करणे शहाणपणाचे. हा हिशेब मुलीने स्वतःच मांडला, मी फक्त विचारले. आयांनो, विचारायला सातवी पुरते.

घरी सरावाचे पेपर सोडवले की मुले सगळ्यांत जास्त गुण पडलेला पेपर दाखवतात. आपणही तोच धरून बसतो. तसे करू नये. वेळ लावून सोडवलेले सहा पेपर घ्यावेत, सगळ्यांत चांगला बाजूला ठेवावा, सगळ्यांत वाईटही बाजूला ठेवावा, आणि उरलेल्या चारांची सरासरी हे आपले खरे बळ समजावे. म्हैस एक दिवस आठ लिटर देते म्हणून आपण डेअरीला रोज आठ लिटर कबूल करतो का?

दुसरे काम निकालानंतरचे. निकाल हाती आला की गुणांवर बोट न ठेवता देशातला क्रमांक पाहावा. मग राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या निवड याद्या असतात त्या उतरवून घ्याव्यात. एका वर्षाची पुरत नाही, तीन वर्षांच्या घ्याव्यात. प्रत्येक यादीत आपल्या प्रवर्गात, मुलींच्या जागेवर, कोणत्या कॉलेजात शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला ते वहीत लिहावे. पहिल्या फेरीचा वेगळा, शेवटच्या फेरीचा वेगळा, कारण फेरीगणिक रांग थोडी सरकते. किती सरकेल याची मात्र कोणी हमी देऊ शकत नाही. मग वहीत तीन रकाने पाडावेत. तिन्ही वर्षी आपल्या क्रमांकाला मिळाले असते ते "बहुतेक मिळेल". एखाद्याच वर्षी मिळाले असते ते "मिळाले तर मिळाले". एकाही वर्षी मिळाले नसते ते "आशा". पण आशेच्या रकान्यावर पेढे आणू नयेत.

पसंतीक्रम भरताना एक गैरसमज फार आहे. लोक म्हणतात, अवघड कॉलेज वर लिहिले तर सोपे हातचे जाते. तसे नाही. आपला क्रमांक आला की यंत्र आपली यादी वरून खाली पाहत येते आणि जी पहिली जागा मिळण्यासारखी असेल ती देते. म्हणून जे मनापासून हवे ते वर, त्याच्याखालचे त्याखाली. जिथे मुलीला धाडायचेच नाही ते कॉलेज मात्र मुळीच लिहू नये. जागा मिळाल्यावर ती सोडली तर पुढच्या फेरीला काय होते, अनामत परत मिळते की नाही, याचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. पुस्तिका मोठी असते. मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावी. मी निवडणे-टिपणे करता करता तीन दुपारी ऐकली.

याच बाबतीत आमची फसगत झाली. एक गृहस्थ "फॉर्म भरून देतो, वरपर्यंत ओळख आहे" म्हणत घरी आले आणि पंधरा हजार रुपये घेऊन गेले. त्यांनी केले काय? जे तालुक्याच्या ठिकाणचा संगणकवाला थोड्या पैशांत करतो तेच. आणि कॉलेजांची यादी त्यांच्या सोयीची. ज्याची फी आम्ही सात जन्मांत भरू शकलो नसतो तेही त्यात घातलेले. प्रवेश क्रमांकावर होतो, ओळखीवर होत नाही. कोणी ओळख सांगू लागला तर चहा द्यावा आणि पैसे देऊ नयेत.

आता कागदपत्रांविषयी, कारण कित्येकींचे घोडे इथेच अडते. अधिवासाचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, लागू असेल त्यांना नॉन-क्रिमीलेअरचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. जातपडताळणीला महिने लागतात. ती अकरावीतच करायला घ्यावी. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपते, हे मला ठाऊकच नव्हते. दाखला पेटीत जपून ठेवला होता. पेटीत ठेवल्याने काही मुदत वाढत नाही! ऐन फेरीच्या वेळी घरचे दोन दिवस तुळजापूरला हेलपाटे घालत होते. चूक आमचीच. आधार, दहावीची पाटी आणि नीटचा फॉर्म यांवर नाव एकाच तऱ्हेने लिहिलेले आहे ना, तेही पाहावे. आणखी तीन अटी लक्षात असू द्या. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के व राखीवांना ४० टक्के हवेत. आणि पेपर मराठीतही देता येतो, पण ते फॉर्म भरतानाच ठरवावे लागते.

पैशाचे बोलायला आपण बायका संकोचतो. संकोचू नये. सरकारी कॉलेजची फी आपल्यासारख्यांना झेपण्याजोगी असते. खासगीची फी लाखांत जाते. अभिमत विद्यापीठांची तर पुष्कळ ठिकाणी वर्षाला वीस-पंचवीस लाखांच्या घरात. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष दवाखान्यातल्या उमेदवारीचे. म्हणून पहिल्या वर्षीचा नव्हे, सगळ्या वर्षांचा हिशेब मांडावा. मुलींसाठी एक चांगली गोष्ट अशी की, जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला आणि ओबीसी, एसईबीसी व आर्थिक दुर्बल प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. ही माफी सरकारी फेरीतून मिळालेल्या प्रवेशाला आहे, व्यवस्थापन कोट्याला नाही. आणि वसतिगृह, खानावळ, पुस्तके हा खर्च उरतोच. "फी माफ" या दोन शब्दांवर विसंबून जमीन गहाण ठेवायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. कॉलेजात फोन करून पैशापैशाचा तपशील विचारावा.

आता पुन्हा आमच्या घरी या. पहिल्या वर्षी जागा मिळाली नाही तेव्हा घरात दोन मते झाली. मामंजी म्हणाले, "वय वाढतंय, स्थळ आलंय, उरकून टाका." घरच्यांचे म्हणणे, कितीही वर्षे लागोत, एम.बी.बी.एस.च करायचे. मी दोघांचे ऐकले आणि थोरलीला विचारले. तोवर तिला कोणीच विचारले नव्हते. ती म्हणाली, "एक वर्ष द्या." मग आम्ही वहीत करार लिहिला. लातूरला एक वर्ष. दिवाळीपर्यंत सरावाची सरासरी वाढली तरच पुढे. रोज झोप सहा तासांच्या खाली न्यायची नाही. आणि निकाल काहीही आला तरी आयुर्वेदाचा पसंतीक्रमही भरायचा. त्यासाठी एक म्हैस विकली. ती माझ्या हातची होती, दावणीवरून नेताना ती हंबरली आणि मी घरात निघून गेले. मामंजींनी महिनाभर माझ्याशी धड बोलणे केले नाही. पण लातूरला पोचवायला तेच गेले, आणि येताना तिच्या खोलीला पंखा बसवून आले.

परीक्षा द्यायला आता संख्येची मर्यादा नाही, म्हणून काही घरांत मुले चार-चार वर्षे त्याच पेपराला बसतात. पुन्हा बसवावे की नाही हे ठरवताना मी तीन प्रश्न विचारते. सरासरी चढती आहे का? मूल स्वतः मागते आहे का? आणि वर्ष गेले तर घर आणि मूल दोन्ही सोसतील का? तिन्हींना होय असेल तर खुशाल बसवावे. एकालाही नाही असेल तर थांबावे. कोचिंगच्या गावांत मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या मुलांच्या आयाही आपल्यासारख्याच डबे करणाऱ्या होत्या. मूल जेवत नसेल, बोलत नसेल, तर आधी पुस्तक मिटावे, त्याला जवळ घ्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. त्यात कसली लाज?

२०२५ चा निकाल लागला. थोरलीला ४४७ गुण पडले. पहिल्या वर्षीपेक्षा ७४ कमी! गल्लीत कुजबुज झाली, "लातूरचे पैसे पाण्यात गेले." पण आमच्या घरात कोणी रडले नाही. आम्ही आधी क्रमांक पाहिला. तो वीसेक हजारांनी सुधारला होता. मामंजींना मी टँकरची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे घागर लहान झाली पण नंबर पुढे गेला." भगिनींनो, जे आम्हाला वर्षभर कळले नव्हते ते म्हाताऱ्याला एका वाक्यात कळले.

तरीही एम.बी.बी.एस.चा रकाना आमच्या वहीत "आशा" हाच होता. आयुर्वेदाचा "बहुतेक मिळेल" होता. त्याचे पसंतीक्रम वेगळे भरावे लागतात आणि तारखाही वेगळ्या असतात, त्या मी दारामागे खडूने लिहून ठेवल्या होत्या. शेवटी धाराशिवच्या जुन्या सरकारी आयुर्वेद महाविद्यालयात तिचे नाव लागले. घरच्यांच्या मनात तिसऱ्यांदा बसवायचे होते. ती म्हणाली, "अण्णा, मला आता पेपर नाही, माणसं तपासायचीत." त्यावर कोणी काही बोलले नाही.

मी खरे सांगते, माझ्या मनात अजून एक सल आहे. एम.बी.बी.एस. झाले असते तर, असे कधीकधी भाकरी थापताना येते मनात. मी ते लपवत नाही. पण सुट्टीत ती आली की शेजारच्या आजीबाई तिला नाडी दाखवायला येतात, आणि ती म्हणते, "आजी, मी अजून शिकतेय, तुम्ही सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवा." आपल्याला काय येत नाही हे ओळखणारी डॉक्टर होते आहे, एवढे समाधान मला पुरे आहे. डॉक्टरीच्या घराला दारेही पुष्कळ आहेत. दंतवैद्यक आहे, होमिओपॅथी आहे, फिजिओथेरपी आहे, बी.एस्सी. नर्सिंग आहे. त्या तंबूत चुलतीचा पाय एका डॉक्टरीणबाईंनी बांधला, पण रात्रभर तिच्या उशाशी बसल्या होत्या त्या नर्सबाई. त्यांना कोणी कमी म्हणेल का?

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. माझी ती वही मी मंडळाच्या कपाटात ठेवते आहे. तीन वर्षांच्या याद्यांचे कागद, दाखल्यांची यादी, तारखा, सगळे तीत आहे. दरवर्षी नव्या यादीचे कागद तीत जोडावेत. महिन्यातून एका शनिवारी दुपारी सायन्सच्या मुलींच्या आयांनी इथे बसावे. ज्यांच्या मुली पुढे गेल्या त्यांनी मागच्यांना सांगावे. पंधरा हजारांचे काम आपण चहाच्या कपात करू. आणि निकालाच्या दिवशी शेजारणीकडे जाऊन पहिला प्रश्न "किती पडले?" असा न विचारता "जेवली का ग पोरगी?" असा विचारावा.

पुढच्या निकालाला पेढे मी नक्की वाटीन. पण क्रमांक पाहून, यादी पाहून, आणि मुलीला विचारून.

 कढईतले पोहे थंड होत आहेत, म्हणून इथेच थांबते आणि आपली रजा घेते.